लेसच्या उशीवरची गाणी

ब्रुसेल्समधले सुरुवातीचे दिवस ग्रँड प्लासवरच्या गर्दीत आणि पावसात गेले. फ्लेमिश (म्हणजे उत्तर बेल्जियम आणि लगतच्या फ्रान्समधल्या डचभाषिक लोकांच्या) लोकसंगीताचे, विशेषतः लेस विणणाऱ्या बायकांच्या गाण्यांचे, जुने संग्रह पाहायचे म्हणून मी 'ओल्ड इंग्लंड' या जुन्या दुकानाच्या इमारतीतले वाद्यसंग्रहालय गाठले. १८७७ साली ते स्थापन झाले तेव्हा बंगाली संगीतज्ञ सौरींद्रमोहन टागोर यांनी बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याला भेट पाठवलेली भारतीय वाद्येही त्याच्या मूळ साठ्यात होती, हे वाचून बरे वाटले. पण माझे पाय खिळले ते रोमेलपॉटपाशी: मडक्याच्या तोंडावर ताणून बांधलेले डुकराचे मूत्राशय आणि त्यात खोवलेली बोरूची काडी, जी ओल्या बोटांनी चोळली की मडके घुमते.

गाण्यांसाठी मात्र पुस्तकेच उघडावी लागतात. एडमों द कुसमाकेर या न्यायाधीशाने फ्रान्समधल्या फ्लेमिश लोकांची गाणी गोळा करून १८५६ साली गेंटमध्ये छापली. प्रत्येक गाण्याची स्वरलिपी, फ्लेमिश शब्द आणि फ्रेंच अनुवाद त्याने दिला आहे. तो उत्तर फ्रान्समधल्या ज्या बायल गावचा, तिथे मी लील शहराहून आगगाडीने गेलो. १९१८ च्या तोफमाऱ्यात उद्ध्वस्त झालेले ते गाव पुन्हा विटांनी बांधले आहे. तिथल्या लेस-शाळेत एक वयस्क बाई मांडीवरच्या उशीवर टाचण्या रोवत होत्या आणि दोऱ्याची लाकडी रिळे इतक्या झपाट्याने एकमेकांवरून फिरवत होत्या की त्यांच्या टकटकीशिवाय मला काहीच कळेना. मी मोबाइलवर कुसमाकेरच्या संग्रहातले, लेस विणणाऱ्यांच्या सेंट अ‍ॅनाच्या सणाचे गाणे दाखवले. फ्लेमिश त्यांना येत नव्हते, त्यांनी फ्रेंच अनुवाद वाचला आणि जरा फणकाऱ्यानेच म्हणाल्या, "हे तर सुट्टीचे गाणे. कामाचे कुठे आहे?"

प्रश्न रास्त होता. पोशाखी सणांची गाणी जपायला संग्राहक सहज पुढे होतात, टाचण्या मोजताना म्हटलेली गाणी मागेच राहतात, अशी माझी तक्रार आहे. अशा काही मोजणीगीतांचा ठाव लागतो तो लूटेन्स आणि फेस या संग्राहकांच्या, बेल्जियममधल्या ब्रुज शहरातल्या गाण्यांच्या १८७९ च्या संग्रहात, आणि त्यातली बरीचशी गाणी लूटेन्सने स्वतःच्या आईकडून ऐकून उतरवली होती. परतल्यावर मी त्या बाईंना या संग्रहातल्या मोजणीगीतांची पाने पाठवून दिली.