कुठवर आला स्वेटर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, उजवी बाही झाली, डावी कोपरापर्यंत आलीये. सुट्टीत मुलांना कबूल केलेल्या पाच खेळण्यांपैकी तीन तयार आहेत. हत्तीची सोंड राहिलीये आणि सशाला डोळे नाहीत.

"अजून?" हा पुढचा प्रश्नही ठरलेला. चार वर्षांच्या मुलीचा स्वेटर तो केवढासा, असं तुम्हाला वाटतं. पाठीला ७२ टाके आणि ११० ओळी, म्हणजे एकट्या पाठीचेच आठ हजारांच्या घरात टाके. पुढचे दोन भाग मिळून तेवढेच, बाह्यांचे वेगळे. खेळणी लहान, पण त्यांना सुई बारीक लागते. वीण घट्ट नसेल तर आतला कापूस दिसतो. शिवाय एक बाळ अजून हाताला लागेल ते तोंडात घालतं, म्हणून डोळ्यांना बटणं न लावता ते दोऱ्याने भरायचे.

हे सगळं खरं आहे. पण उशीर त्यामुळे झालेला नाही.

हा स्वेटर एकदा पूर्ण झाला होता. मोरपंखी, डोक्यातून घालायचा. रात्री जागून शेवटची टोकं आत ओवली आणि सकाळी उठल्याउठल्या बहिणीकडे घेऊन गेले. भाचीने हौसेने दोन्ही हात वर केले. स्वेटर कपाळापर्यंत उतरला आणि अडकला. मला वाटलं, नवीन आहे, जरा ओढला की जाईल. ओढला. आतून आधी हसू आलं, मग "मावशी, कान!" आणि मग किंकाळी. बहीण धावत आली. दोघींनी मिळून तो उलटा वर काढला तेव्हा केस लोकरीत गुंतलेले, एक कान लालबुंद, कपाळावर पट्टीच्या विणीचे वळ. बऱ्याच वेळाने, हुंदके थांबल्यावर तिने विचारलं, "मावशी, माझं डोकं मोठं आहे का गं?"

नाही गं राणी, मावशीचा गळा चुकला, असं मी दहादा सांगितलं. तिला ते पटलं नाही.

गळ्याचे टाके मी हात आवळून, त्याच सुईने बंद केले होते. तिथे जाड सुई घ्यायची, हे कित्येकींना मीच शिकवलंय. या वयात डोक्याचा घेर छातीच्या घेराच्या फार मागे नसतो, हेही ठाऊक होतं. पण सैल गळा लोंबतो, वाईट दिसतो, असं तेव्हा मी स्वतःला बजावत होते. दिसतोच वाईट, ते मी आजही म्हणेन. पण घालून बघायला ती दोन गल्ल्यांवर होती आणि मला मात्र तयार स्वेटर हातात घेऊन दारात उभं राहायचं होतं.

गळा उसवून पुन्हा सैल बंद करायला अर्धा तास पुरला असता. बहीणही म्हणाली, "अगं, नुसता गळा बदल, विसरेल ती." पण त्यानंतर भाची डोक्यातून काही घालायलाच तयार होईना. शेवटी मी अख्खा स्वेटर उसवला. कुरळी झालेली लोकर लडी करून धुतली, वाळवली आणि पुढून बटणांचा विणायला घेतला. बाह्या खांद्याकडून खाली विणतेय, कारण मुलांचे हात भराभर लांब होतात. पुढच्या वर्षी चार बोटं वाढवता येतील.

बहिणीचं ऐकायला हवं होतं का? डावी बाही विणताना रोज वाटतं, हो. मग बटणपट्टीवरून हात फिरवते आणि वाटतं, नाही.

पुढून उघडणाऱ्या स्वेटरला डोक्याचं माप लागत नाही. तरी परवा ती झोपलेली असताना मी टेप लावून घेतलं. ५१ सेंटीमीटर. तिच्या वयाच्या मुलांचं साधारण एवढंच असतं.