हेबरचा मुंबई–पुणे रस्ता नकाशावर : काम घाटापर्यंत

कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर १८२५च्या पावसाळ्यात मुंबईहून पुण्याला गेला. त्याच्या प्रवासवर्णनातले ते मुक्काम क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवण्याचं काम आता घाटाशी आलंय. पनवेल, खोपोली, कार्ले आणि पुणे पक्के झाले. खोपोली–खंडाळा मात्र तुटक रेषेत आहे आणि ती तशीच ठेवावी.

कारण साधं आहे. बोरघाटाचा गाडीरस्ता नोव्हेंबर १८३०मध्ये खुला झाला, हेबरनंतर पाच वर्षांनी. तोवर बग्गी सुटी करून माणसांच्या खांद्यावरून वर न्यावी लागे. त्यामुळे जुन्या हायवेवरून ओढलेली रेघ दिसते झकास, पण ती दुसऱ्याच रस्त्याची. मार्ग शोधणारं अ‍ॅप तर बिशपसाहेबांना थेट एक्स्प्रेसवेच्या बोगद्यात घालतं! १८०४च्या सुमारास इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीने करून घेतलेली वाट सलग सापडेपर्यंत दोन टोकं पक्की आणि मधला भाग अंदाजे, एवढंच लिहावं.

आधाराला सर्व्हे ऑफ इंडियाची पाव इंची (एका इंचात चार मैल) ४७ एफ शीट घ्या. ७३ ते ७४ रेखांश आणि १८ ते १९ अक्षांश यांत सगळा टापू बसतो. पनवेल अगदी वरच्या कडेला येतं, म्हणून स्कॅनची कड कापली गेली नाही ना, ते आधी बघा. नियंत्रणबिंदू, म्हणजे स्कॅन जागेवर बसवायला अक्षांश-रेखांश देऊन ठरवलेले बिंदू, फक्त चार कोपऱ्यांवर दिले तर घडी पडलेला कागद मध्येच ताणला जातो. अक्षांश-रेखांशांच्या छेदांवर बारा-पंधरा बिंदू द्या. जुन्या शीटचं एव्हरेस्ट हे पृथ्वीच्या आकाराचं मोजमाप सोडून थेट आजचं, जीपीएसचं डब्ल्यूजीएस ८४ धरलं तर या भागात सगळं शे-सव्वाशे मीटर सरकतं. पाव इंचीवर ते अर्ध्या मिलिमीटरच्या आतलं, सोडून द्या. एक इंची शीटवर तेच दोन मिलिमीटर होतं आणि देऊळ तळ्यात पडतं.

खोपोलीचा बिंदू गावाच्या मध्यावर टाकू नका. नाना फडणवीसांनी बांधलेलं तळं आणि महादेवाचं देऊळ आजही जागेवर आहे, तिथेच टाका. पुण्यात लष्करातलं सेंट मेरी चर्च घ्या. १८२५ साली त्याचा अर्पणविधी हेबरनेच केला. असे बिंदू 'धर्मकार्य' या वेगळ्या थरात ठेवलेत तर बिशप म्हणून केलेलं काम आणि लेणी पाहण्याची हौस एकमेकांत मिसळत नाही.

तक्त्यात सहा रकाने पुरतात : तारीख, छापील नाव, आजचं नाव, अक्षांश, रेखांश, खात्री. पान क्रमांकावर विसंबू नका. १८२८मध्येच हेबरचं हे प्रवासवर्णन दोन मोठ्या खंडांत आणि तीन लहान खंडांत असं दोन्ही आकारांत निघालं, त्यामुळे पानं जुळत नाहीत. संदर्भ तारखेनेच द्या. स्कॅनमधली दुमडलेली पानं बहुधा न उलगडताच टिपलेली असतात. नकाशा अर्धाच दिसला तर दुसऱ्या ग्रंथालयाची प्रत शोधा. शोधखिडकीवरही भिस्त नको : ओळीच्या शेवटी तुटलेलं गावाचं नाव तिला सापडत नाही. ती पानं डोळ्यांखालूनच घाला.

पुढचा तुकडा गुजरातचा. तिथे नडियादची, स्वामीनारायण संप्रदायाचे संस्थापक सहजानंद स्वामींची भेट, २६ मार्च १८२५, हा भक्कम खुंटा आहे. सुरतेहून मुंबईला हेबर जहाजाने आला, तेव्हा त्या भागात जमिनीवर रेघ ओढू नये.