नेरूळच्या परसात तळं आणि नवे वाफे: माझा अनुभव

नेरूळला रो-हाउसच्या मागे १८ बाय १४ फुटांचं परस आहे. तिथे छोटं तळं करणं आणि दगडासारखे टणक झालेले वाफे नव्याने भरणं, ही दोन्ही कामं मी एकदमच काढली. तळ्यातून सांडणारं पाणी कुठून जाणार हे ठरल्याशिवाय वाफ्यांची उंची आणि उतार ठरत नाही. आधी वाफे करून मग तळं खणायला घेतलं तर नव्या मातीवरून मजुरांची ये-जा होते आणि ती पुन्हा दाबली जाते.

नवी मुंबईत खाडीलगतचे बरेच सेक्टर भरावावर उभे आहेत. वर मुरूम, खाली खाजणाची चिखलमाती, आणि पावसाळ्यात जमिनीतलं पाणी अगदी वर येतं. तळ्याच्या लायनरला, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून आत अंथरलेल्या पडद्याला, खरा धोका याच पाण्याचा. बाहेरची पातळी तळ्यातल्या पातळीपेक्षा वर गेली की लायनर तळापासून उचलला जातो, मधोमध फुगतो आणि कुंड्या कलंडतात. उन्हाळ्यात खणलं तर यातलं काहीच दिसत नाही. म्हणून जुलैत, चांगला पाऊस झाल्यावर, पहारीने अडीच फुटांचा अरुंद खड्डा घेतला, वरचं पाणी आत जाऊ नये म्हणून त्यावर फळी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घालून बघितलं. पाणी जमिनीखाली सव्वा फुटावर होतं. तळ्याचा आराखडा तिथेच ठरला: एक फूट जमिनीत, एक फूट वर. असं केलं की भरलेल्या तळ्यातलं पाणी कायम जमिनीच्या वरच राहतं, त्याचा दाब खालून येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त असतो आणि लायनर जागच्या जागी बसून राहतो. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये साफसफाईसाठी हे तळं कधीही रिकामं करायचं नाही. बांधकाम दिवाळीनंतर काढलं.

जागा निवडताना ऊन बघितलं. वॉटरलिलीला रोज चार-पाच तास तरी थेट ऊन लागतं, कमळाला सहा. झाडाखालची जागा टाळली, कारण पडलेली पानं तळाशी कुजतात आणि पाणी काळं पडतं. सांडपाण्याचे चेंबर, नळाची लाइन, अर्थिंगचा खड्डा हे सगळं खडूने आखून घेतलं आणि कंपाउंडच्या भिंतीपासून तीन फूट अंतर सोडलं.

आतलं माप ८ बाय ५ फूट. भोवती सहा इंच जाड, आठ इंच उंच सॉलिड ब्लॉकचे दोन थर. खाली चार इंच पीसीसी (साधं काँक्रीट), पहिला थर चार इंच जमिनीत गाडलेला, म्हणजे भिंत बरोबर एक फूट वर येते. खोदाई भिंतीच्या पायाला लागून करायची नाही, पाया सुटतो. तीन बाजूंनी सहा इंच आणि एका लांब बाजूला पूर्ण एक फूट जमीन तशीच ठेवली. ती एक फुटाची पायरीच उथळ पाण्यातल्या कुंड्यांना उपयोगी पडते. जादा पाणी माथ्याखाली तीन इंचांवरच्या खाचेतून निघून जातं, म्हणून पायरीवर नऊ इंच पाणी राहतं, मधल्या खोल भागात एकवीस. एकूण पाणी साधारण १,५०० लिटर, म्हणजे दीड टन वजन. गच्चीवर हाच आराखडा उचलून नेऊ नये.

भिंतीचा माथा सर्व बाजूंनी एका पातळीत यायला हवा. गवंड्याकडचा पाणी भरलेला लेव्हल पाइप यासाठी सर्वांत भरवशाचा. आठ फुटांत अर्ध्या इंचाचाही फरक पाणी भरल्यावर लगेच दिसतो: एका टोकाला पाणी काठाच्या जास्त जवळ येतं, दुसऱ्या टोकाला लायनरची काळी पट्टी जास्त उघडी राहते, आणि ऊन लागून लायनर तिथेच आधी खराब होतो.

लायनरचा हिशेब सोपा आहे. लांबी, अधिक दुप्पट खोली, अधिक दोन्हीकडे एकेक फूट: ८ + ४ + २ = १४ फूट. रुंदीला ५ + ४ + २ = ११ फूट. आत पायऱ्या असल्या तरी हा हिशेब बदलत नाही. शेततळ्याचं ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक स्वस्त पडतं, पण एवढ्या लहान तळ्याच्या कोपऱ्यांत ते ताठ राहतं आणि घड्यांवर चिरतं. मी एक मिलिमीटरचा ईपीडीएम रबराचा लायनर घेतला. महाग आहे, पण घडीत नीट बसतो. ताडपत्रीच्या वाटेला जाऊ नये. उन्हात ती फार टिकत नाही.

लायनरखाली काय घालायचं, याकडे आपल्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. नवी मुंबईत घुशी आहेत, आणि घूस खालून बीळ करत येऊन लायनर कुरतडते. म्हणून सर्वांत खाली अर्धा इंची जीआय वेल्डमेश (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी), तिची टोकं खाली वळवलेली, त्यावर दोन इंच चाळलेली वाळू, त्यावर जिओटेक्स्टाइल (जाड कृत्रिम कापड), मग लायनर. लायनर आधी तासभर उन्हात पसरून ठेवला की मऊ होतो. पाणी हळूहळू सोडायचं आणि चढत जाईल तसतशा सुरकुत्या हाताने ओढत जायचं. कोपऱ्यात दहा बारीक चुण्यांपेक्षा एक मोठी घडी बरी. काठ लगेच कापायचे नाहीत. तळं पूर्ण भरून दोन दिवस बसू द्यायचं, मग कापून वर कडप्पा बसवायचा. कडप्पा दोन इंच आत झुकता ठेवला की लायनरवर ऊन पडत नाही.

जादा पाण्यासाठी एका कोपऱ्यात भिंतीच्या माथ्याला सहा इंच रुंद, तीन इंच खोल खाच ठेवली आणि लायनर तिच्यावरूनच बाहेर घेतला. पाइपसाठी लायनरला भोक पाडलं की गळतीची जागा तयार होते. खाचेत तो प्रश्नच नाही. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून पुढे जाळी. १०० मिलिमीटर पाऊस झाला तर ४० चौरस फुटांच्या तळ्यात साधारण ३७० लिटर पाणी पडतं, ते या खाचेतून आरामात जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता; तसा पडला तर आकाशातूनच तळ्यात साडेतीन हजार लिटर येईल. गच्चीचा पन्हाळी पाइप मात्र तळ्यात सोडायचा मोह टाळावा. ५०० चौरस फुटांच्या गच्चीवरून १०० मिलिमीटरला ४,६०० लिटर येतं, आणि ते मासे, माती सगळं घेऊन जातं.

खाचेतलं पाणी खडी भरलेल्या चरातून वाफ्याच्या कडेने पावसाळी गटारात नेलं. सांडपाण्याच्या चेंबरला ते जोडू नये. चेंबर तुंबला की घाण उलटी येते.

आता वाफे. खड्ड्यातून निघालेला मुरूम वाफ्यात टाकायचा नाही. त्यात बांधकामाचा चुना, सिमेंट मिसळलेलं असतं. मूठभर कोरड्या मातीवर व्हिनेगर ओतलं आणि बारीक फेस आला, की चुना आहे असं समजायचं. अशा मातीत इक्झोरा, गुलाब, अनंत यांची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीतलं लोह झाडाला मिळत नाही. खत वाढवून हे सुधारत नाही, माती बदलावी लागते.

१० बाय ३ फुटांच्या वाफ्यातली नऊ इंच माती काढली, तळ पहारीने फोडून सैल केला. तळाशी खडीचा थर घातला नाही. त्याने निचरा होतो असा समज आहे, पण बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण भिजेपर्यंत तिथेच अडतं, आणि मुळांच्या जागी चिखल होतो. फोडलेला तळच जास्त कामाचा.

नऊ इंचांना साधारण ६४० लिटर मिश्रण लागतं, पण पहिल्या पावसात ते बसतं, म्हणून ७५० लिटर केलं. १५ लिटरच्या बादलीने लाल माती २७ बादल्या, कुजलेलं शेणखत १३, भिजवून दोनदा धुतलेलं कोकोपीट ५, भाताचं जळकं तूस ५, आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. कोकोपीटची पाच किलोची एक वीट पुरते. न धुता वापरली तर त्यातला क्षार रोपांना जाळतो. शेणखत हातात घेतल्यावर कोमट लागलं किंवा वास आला तर परत करावं. कच्च्या खतातून हुमणी येते आणि वर्षभर मुळं खाते.

चराकडच्या ओल्या टोकाला अळू, सोनटक्का, कर्दळ; उंच, कोरड्या टोकाला मोगरा, कढीपत्ता. पाणी निघून जावं म्हणून वाफ्याच्या कडेच्या विटांमध्ये दर दोन फुटांवर एक उभी फट मोकळी ठेवली आहे.

तळ्यातल्या झाडांची माती याच्या अगदी उलट. तिथे शेणखत नको, कोकोपीट तर मुळीच नको. ते तरंगतं आणि शेणखताने पाणी हिरवं होतं. नुसती जड चिकणमाती, वर बोटभर धुतलेली खडी. लिलीला बारा इंची टब, कमळाला अठरा इंची, बिनभोकाचा. लिलीचा कोंब मातीच्या वर उघडा ठेवायचा, टब आधी विटांवर उंच, पानं वर आली की विटा काढून खाली. काठाच्या पायरीवर वेखंड छान वाढतं. जलपर्णी आणूच नये, आणि वाढलेली कुठलीही पाणवनस्पती खाडीत किंवा तलावात टाकू नये, वाळवून कंपोस्टमध्ये घालावी.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडायला दोन दिवस लागतात. पाणी पहिले काही आठवडे हिरवं होतंच. ते बदललं की सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पानांनी अर्धा पृष्ठभाग झाकला की आपोआप निवळतं. गप्पी मासे दोन-तीन आठवड्यांनी पंधरा-वीस सोडले. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात, त्यामुळे तोपर्यंत पंप सुरू ठेवून पाणी हलतं ठेवायचं. पंपाच्या खोक्यावरचा लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो. तीन फूट वर पाणी चढवायचं असेल तर खोक्यावरचा आलेख बघून घ्यावा. वीज ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरूनच (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). घरात लहान मूल असेल तर पाण्याखाली दोन इंचांवर लोखंडी जाळी बसवल्याशिवाय तळं भरू नये.

एप्रिल-मेमध्ये पाणी रोज पाच-सहा मिलिमीटर उडतं, म्हणजे या तळ्यातून वीसेक लिटर. याहून जास्त कमी होत असेल तर पंप बंद करून पायरीवर तळ्याच्याच पाण्याने भरलेली बादली ठेवावी, दोन्हीकडे पातळीची खूण करावी आणि दोन दिवसांनी बघावं. दोन्ही सारखंच उतरलं तर उन्हाने; तळं जास्त उतरलं तर गळती, आणि पाणी जिथे येऊन थांबेल त्याच उंचीवर लायनर तपासायला घ्यावा.