उन्हाळी भाजीपाला: यंदा मी पिंपानं पाणी मोजून पेरलं

आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी तालुक्यात, अगदी उत्तरेला, महाराष्ट्रातल्या जतच्या शिवेला लागून. खाली कृष्णाकाठी उगार, शेडबाळकडं बारा महिने ऊस उभा असतो, आणि आमच्या माळावर मार्च सरला की बांधावरची बोरं-बाभळीसुद्धा भाजल्यासारखी दिसतात. वर्षाचा पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटर, त्यातला बराचसा सप्टेंबरात. उन्हाळ्यात नदी आटली की कोयनेचं पाणी सोडा अशी मागणी होते, पाणी आलं की नदीकाठाला हायसं वाटतं. आमच्या वरच्या रानाला त्यातला थेंब मिळत नाही. आमचं सगळं एका बोअरवर.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्या बोअरचं पाणी पाईप भरून पडत होतं. ते बघून मी ३० गुंठे लावले, २० गुंठे भेंडी आणि १० गुंठे टोमॅटो. मार्चपर्यंत रान इतकं हिरवंगार होतं की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी निम्म्यावर आलं. टोमॅटोला फुलं भरपूर आली आणि सगळी गळाली. भेंडी आधी दुपारची माना टाकायची, मग सकाळीही उठेना. शेवटी १२ गुंठे भेंडी म्हशींपुढं टाकली. बियाणं, खत, खुरपणीच्या बायकांची मजुरी, सगळं गेलं. पण मला पैशापेक्षा ते उभं पीक डोळ्यांदेखत वाळताना बघायचं फार जड गेलं.

त्याच दिवसांत दिराचा मुलगा सुट्टीला आला होता. तो गोकाकजवळ अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात शिकतो. रान बघून त्यानं एकच विचारलं, “काकी, बोअरला पाणी किती हाय?” मी म्हटलं, “कमी झालंय बघ.” तो म्हणाला, “कमी म्हणजे किती लिटर?” मला सांगता येईना. पंधरा वर्षं त्या बोअरवर शेती करते, पण त्याचं पाणी कधी मोजलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी २०० लिटरचं पिंप पाईपाखाली ठेवलं आणि घड्याळ लावलं. पिंप भरायला १० मिनिटं लागली. थ्री-फेज वीज सात तास असली तरी पाच तासांनी बोअर हवा मारायला लागायचं, मग मोटर बंद करावी लागायची. म्हणजे तासाला १,२०० लिटर, दिवसाला ६,०००. हा आकडा मी कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवला. यंदाची सगळी पेरणी त्या एका आकड्यावर उभी आहे.

यंदा संक्रांत झाल्यावर पुतण्याला फोन लावून बसले. त्यानं सांगितलेला हिशोब इतका सोपा आहे की तो आधी कुणी का सांगितला नाही याचं वाईट वाटलं. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे १०१ लिटर, आपण शंभर धरायचे. एप्रिलच्या उन्हात भरात आलेलं पीक दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी ओढतं. म्हणजे गुंठ्याला रोज ६०० ते ७०० लिटर. माझ्याकडं ६,०००, त्यातले दोन म्हशी आणि घरखर्च मिळून ५०० वजा. उरले साडेपाच हजार. फार तर नऊ गुंठे! मागच्या वर्षी मी ३० लावले होते.

नऊ गुंठ्यांवर घर कसं चालणार, असं पहिल्यांदा वाटलं. मग पुतण्या म्हणाला, “काकी, सगळी पिकं एकदम तान्ही नसतात आणि एकदम म्हातारीपण होत नाहीत.” रोप लहान असताना पूर्ण पाण्याच्या निम्म्याहून कमी पुरतं. फुलं आणि फळं लागली की पूर्ण लागतं. तेव्हा प्रत्येक पिकाचा तहानेचा महिना वेगळा पडला पाहिजे. मुलीच्या वहीचं पान आडवं धरून जानेवारी ते मे असे रकाने आखले आणि वरच्या ओळीत पिकं लिहायच्या आधी पाणी लिहिलं: फेब्रुवारीचं अंदाजे, एप्रिलचं ६,०००, मेचं त्याहून कमी. पीक त्या रकान्यात बसलं तरच घ्यायचं.

टोमॅटो पहिल्याच फेरीत खोडला. दुपारचं ऊन ३५ अंशांच्या वर राहिलं आणि रात्रीही गारवा नसला की त्याचा पराग नीट काम करत नाही, फूल धरत नाही. आमच्याकडं एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. मागच्या वर्षीची फुलगळ पाणी कमी पडल्यानं झाली असं मी समजत होते, पण पाणी असतं तरी ती थांबली नसती.

शेवटी १२ गुंठे ठरले. दोन गुंठे राजगिरा आणि कोथिंबीर, ती मार्चअखेर निघून जाणार. चार गुंठे भेंडी, दोन गुंठे काकडी, आणि चार गुंठे चवळी. या चवळीचं पुढं काय झालं ते सांगते.

आमच्या बांधाला लागून एका कन्नड बोलणाऱ्या अक्कांचं रान आहे. त्या दरवर्षी जवारी, म्हणजे गावरान बी राखतात. मी त्यांना कन्नडमधून चवळीचं बी मागितलं, म्हणजे ‘चवळीकाई’चं. त्यांनी फडक्यात बांधून बी दिलं. घरी येऊन सोडलं तर ती गवारी! आमच्या मराठीतली चवळी वेगळी आणि इकडच्या कन्नडमधली चवळीकाई म्हणजे गवारी. परत द्यायला गेले तर अक्का म्हणाल्या, “ठेव गं, उन्हाळ्यात हीच तुला साथ देईल, दुसऱ्या कुणाचं काय खरं नाही.” पुतण्यानंही तेच सांगितलं. गवारीचं मूळ खोल जातं, उलट पाणी जास्त झालं तर पालाच माजतो आणि शेंग कमी लागते. कोरड्या मुलखाचंच हे पीक. म्हणून चवळी खोडून गवारी लिहिली, आणि एप्रिलच्या रकान्यात थोडं पाणी शिल्लक पडलं.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट लिहिली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाणी ठरवल्यापेक्षा कमी पडलं तर पहिलं कोणतं पीक सोडायचं? काकडी. मग भेंडीतल्या दोन ओळी. गवारी शेवटपर्यंत सोडायची नाही. हे जानेवारीत, रान मोकळं असताना लिहिलं. पीक डोलायला लागलं की त्याच्यावर माया बसते, मग माणूस सगळ्यांनाच थोडं थोडं पाणी देत राहतो आणि सगळीच मरतात. मागच्या वर्षी माझं हेच झालं होतं.

ठिबकचं थोडक्यात सांगते. तोटगारिके, म्हणजे फलोत्पादन खात्याकडून अनुदान मिळतं, पण आमची पहाणी (इकडचा सातबारा) अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. ते जाऊन सहा वर्षं झाली, वारसाची नोंद राहिली ती राहिलीच. मला कन्नड बोलता येतं, वाचायला वेळ लागतो, म्हणून अर्ज आणि कागद मुलीनं वाचून दाखवले. वारसा लागल्याशिवाय फ्रूट्स आयडी, म्हणजे सरकारी शेतकरी नोंदणीचा नंबर, माझ्या नावानं होणार नाही आणि त्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही, एवढं कळलं. नोंदीचा अर्ज टाकून ठेवलाय. ज्यांच्या पहाणीवर अजून वडीलधाऱ्यांचं नाव आहे त्यांनी हे काम पावसाळ्यातच काढावं, पेरणीच्या तोंडावर ते होत नाही. यंदापुरत्या मी एका ऊसवाल्याकडून जुन्या नळ्या घेतल्या. गोठ्याजवळ १० फूट लांब, ८ फूट रुंद, ४ फूट खोल सिमेंटचा हौद होता, त्यात नऊ हजार लिटर मावतं. वीज येईल तेव्हा बोअरचं पाणी हौदात आणि तिथून छोट्या मोटरनं पहाटे ठिबकला. आमचं पाणी खारवट, नळ्यांच्या भोकांवर पांढरं धरतं, म्हणून दर आठ दिवसांनी नळ्यांची टोकं सोडून धुऊन घेते.

पेरणीला मी घाई केली नाही, फक्त जानेवारीच्या शेवटी भेंडीचे शंभर दाणे टोकून बघितले. १२ दिवसांत निम्मेही उगवले नाहीत. माती गार असली की भेंडीचं बी तसंच पडून राहतं आणि कुजतं. माघी पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माचं दर्शन घेऊन आलो, तोवर पहाटेची थंडी मोडली होती. मग बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून सकाळी टोकलं. चार गुंठ्याला पाऊण किलो लागलं, जात अर्का अनामिका, कारण ती हळद्याला, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाला, लवकर बळी पडत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी ओळी दिसायला लागल्या. त्याच्या १५ दिवस आधीच पश्चिमेला आणि दक्षिणेला मक्याच्या दोन-दोन ओळी लावल्या होत्या. दुपारची झळ अडते, आणि हळद्या पसरवणारी पांढरी माशीही काही प्रमाणात तिथंच अडते. तरी पिवळ्या शिरांची झाडं निघालीच. दिसलं की उपटलं, पिवळे चिकट सापळे लावले, दर दहा दिवसांनी पाच टक्के निंबोळी अर्क फवारला, म्हणजे पाच किलो निंबोळ्यांची पूड शंभर लिटर पाण्याला.

गवारी तीन आठवड्यांनी पेरली, काकडी भेंडीबरोबर. रोपं वीतभर झाल्यावर नदीकडच्या गावातून उसाचं पाचट ट्रॉलीभर आणलं. तिकडं ते पेटवून देतात, मला फक्त भाडं पडलं. चार बोटं जाड थर दिला. भर दुपारी पाचट बाजूला सारून मातीला हात लावला की ओल लागायची, आणि शेजारच्या उघड्या सरीत हात भाजायचा. एक त्रास मात्र झाला. मुरमाड पट्ट्यात पाचटाखाली वाळवी लागली आणि भेंडीची वीसेक झाडं बुडातून गेली. निंबोळी पेंड टाकल्यावर आटोक्यात आली. पुढच्या वेळी पेंड आधी आणि पाचट मग.

पिंप दर पंधरा दिवसांनी लावत होते. जानेवारीत चार मिनिटं, फेब्रुवारीअखेर पाच, मार्चच्या मध्याला सात. १८ एप्रिलला अकरा मिनिटं, आणि साडेचार तासांतच बोअर हवा मारायला लागलं. हिशोब केला तर दिवसाला जेमतेम ४,९०० लिटर. म्हणजे ठरवल्यापेक्षा हजारानं कमी.

काकडीचे तोडे तेव्हा चालू होते. ऊन वाढल्यापासून तिला नर फुलंच जास्त येत होती, तरी दर दोन दिवसांनी पाटीभर निघत होती. त्या संध्याकाळी वही घेऊन बांधावर बराच वेळ बसले. मग काकडीच्या नळीचा कॉक बंद केला. सासूबाईंना पटलं नाही. “चालतं पीक कशाला मारतीस गं?” म्हणाल्या. मी त्यांना वहीतलं पान दाखवलं. त्यांना वाचता येत नाही, पण पिंपाची मिनिटं त्यांनी स्वतः मोजली होती. पुढं काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वेल म्हशींपुढं टाकायला त्याच आल्या.

भेंडीचे तोडे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून एकाआड एक दिवस चालले, ते वळवाच्या पावसापर्यंत. दोन ओळी सोडायची वेळ आली नाही. गवारीला शेंग लागली तेव्हा गावोगावच्या यात्रा आणि लग्नसराई एकदम आली, बाजारात जवारी गवारी म्हटल्यावर गिऱ्हाईक भावाला अडत नव्हतं. चार गुंठ्यांनी भेंडीइतकेच पैसे दिले, तेही निम्म्या पाण्यावर. मागच्या वर्षीच्या ३० गुंठ्यांत घातलेला पैसा निघाला नव्हता. यंदा बारा गुंठ्यांवर सगळा खर्च वजा जाऊन मुलीची पुढच्या वर्षाची फी बाजूला पडली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वळीव आला, वाऱ्यानं मका आडवा केला, भेंडी थोडी झोडपली. गवारीच्या दोन ओळी तोडायच्या थांबवल्यात, शेंगा झाडावरच वाळू दिल्यात. अर्धं बी अक्कांना परत द्यायचं आहे. काल पुन्हा पिंप लावलं, साडेबारा मिनिटं. पुढच्या वर्षीच्या पानावर मे महिन्याच्या रकान्यात तोच आकडा लिहिला, आणि त्याच्याखाली काकडी जानेवारीअखेर पिशवीत रोपं करून लावायची, असं.