तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लॅट वसतिगृहाला का?

हळदीकुंकवाला विचारतात, बारशाला विचारतात, परवा तर तेरवीच्या पंगतीत विचारलं. "काकू, घरची माणसं असताना फ्लॅट संस्थेच्या नावावर केला?"

नावावर केलेला नाही. मृत्युपत्र केलं आहे. मी आहे तोवर घर माझं. विकावंसं वाटलं तर विकीन, मत बदललं तर मृत्युपत्र बदलीन. नोंदणी करून बक्षीसपत्र दिलं असतं तर परतीची वाट उरली नसती, आणि मला अजून याच घरात राहायचं आहे. माझ्यामागे ते मुलींच्या वसतिगृहाला जाईल.

इथवर सांगून मी विषय बदलते. आज मावशीचं सांगते.

मावशी लग्नानंतर वर्षाच्या आत विधवा झाली. सासरच्यांनी तिला पांढऱ्या पायाची म्हणून माहेरी पाठवलं, परत कुणी न्यायला आलं नाही. एका वसतिगृहात राहून ती नर्सिंग शिकली, सरकारी नोकरी केली, अमरावतीला दोन खोल्यांचं घर बांधलं. त्या घराची वीट न् वीट तिच्या रात्रपाळ्यांची होती. घर त्या वसतिगृहाला द्यायचं, हे ती सगळ्यांना सांगायची.

2011 च्या दिवाळीत तिने माझ्यापुढे वहीतलं एक पान ठेवलं. सुंदर अक्षर, खाली सही, तारीख. "हे असं चालते नं, बाई?" मी फराळाचं ताट भरत होते. मी पान नीट वाचलंसुद्धा नाही. म्हटलं, "सणासुदीला कशाला मावशी मरणाच्या गोष्टी? नंतर बघू नं." तिने पान घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं. परत कधी काढलं नाही. फेब्रुवारीत ती गेली.

त्या पानावर साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या. स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, साधा कागद पुरतो. पण सही करताना पाहिलेले, किंवा 'ही सही माझी' असं तिच्या तोंडून ऐकलेले दोन साक्षीदार हवेत, आणि त्यांनीही तिच्यासमोर सह्या करायला हव्यात. शेजारच्या दोन बायकांना हाक मारली असती तर दहा मिनिटांत झालं असतं. मी हाक मारली नाही.

मग वकिलांनी जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीतून उठू शकले नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15 प्रमाणे, मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्राशिवाय गेली तर तिची स्वतःची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आई-वडिलांचा नंबर त्यानंतर. मी म्हटलं, त्यांनी तिला हाकललं होतं हो! वकिलांनी 2009 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, घराबाहेर काढलेली, माहेरी शिकून नोकरी केलेली बाई. तिचे पैसेही सासरकडच्यांनाच मिळाले. सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, असं न्यायालय म्हणालं होतं.

मावशीच्या दिराची मुलं आली. त्यांनी मावशीला कधी पाहिलंही नसावं. कुलूप तोडलं नाही, आवाज चढवला नाही, कायद्याने आलेलं घेतलं. त्यांचा राग करायलाही मला जागा नव्हती. मी तिची देवाची पितळी घंटी तेवढी मागून आणली.

आता माझ्या फ्लॅटबद्दल. मला मूल नाही, नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. मी काही न लिहिता गेले तर घर दिराच्या मुलाला जाईल. तो मावशीच्या सासरच्यांसारखा नाही. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी तो तीन दिवस दवाखान्यात बसला होता. म्हणून त्याच्या आईने विचारलं तेव्हा मी सांगितलं, "ह्यांचीच इच्छा होती." ते खोटं आहे. ह्यांनी तसं कधीच म्हटलेलं नाही. ते नागपूरच्या एलआयटीत, म्हणजे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत शिकले. कामठीच्या खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला संपत्ती दिली, त्यातून 1942 साली ती संस्था उभी राहिली. ह्यांना त्याचा अभिमान होता, पण अभिमान असणं वेगळं आणि आपलं घर द्या म्हणणं वेगळं. निर्णय माझा आहे. घराचे अर्धे हप्ते माझ्या शाळेच्या पगारातून गेले. अर्धे ह्यांच्या. त्या अर्ध्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पूर्वी मीच म्हणायची, द्यायचं तर जिवंतपणी द्यावं, मेल्यावर देण्यात कसला त्याग? आजही ते मला पूर्ण खोडून काढता येत नाही. त्याग नाहीच आहे हा. पण मावशीला त्याग करायचा नव्हता, ज्या खोलीने तिला उभं केलं तिथे आणखी एका मुलीची खाट लागावी, एवढं तिला हवं होतं. मी देतेय ते त्याच वसतिगृहाला. तिच्या घराची भरपाई माझ्या घराने होते का, आणि ती पुतण्याच्या वाट्यातून का व्हावी, असं त्याने विचारलं तर मी गप्प बसेन. त्याने अजून विचारलेलं नाही. तुम्हीच विचारता.

मृत्युपत्र नोंदवलेलं आहे. दोन साक्षीदार आहेत, घरातलं कुणी नाही. व्यवस्थापक म्हणून, म्हणजे माझ्यामागे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडायला, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या एका सहकारी बाईंचं नाव आहे.

गेल्या महिन्यात एक पुरवणी लिहिली. दागिने आणि बँकेतली ठेव पुतण्याच्या मुलीला. हे देणं खूप आहे की फार थोडं, याचं माझं उत्तर रोज बदलतं. कागद टेबलाच्या खणात आहे. साक्षीदार अजून बोलावलेले नाहीत.