न्यूरेंबर्ग : छापे काढणारा ड्यूरर

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर न्यूरेंबर्गचा, पण त्याची गाजलेली मूळ चित्रं पाहायची असतील तर न्यूरेंबर्ग हे त्याचं ठिकाण नव्हे. १५०० सालचं आत्मचित्र आणि ‘चार प्रेषित’ म्युनिकला आहेत, सशाचं चित्र व्हिएन्नाला. ‘चार प्रेषित’ त्याने १५२६ मध्ये स्वतःच न्यूरेंबर्गच्या नगरपरिषदेला दिले होते. १६२७ मध्ये बव्हेरियाचा शासक माक्सिमिलियन याच्या दबावामुळे शहराला ते सोडावे लागले. इथे भेटतो तो छापे, म्हणजे कोरलेल्या ठशावरून कागदावर उमटवलेली चित्रं, काढणारा ड्यूरर. मला तोच अधिक मोठा वाटतो.

मुख्य स्टेशनातून बाहेर पडून लोरेंझ चर्च, नदीवरचा पूल आणि बाजारचौक करत बुर्गश्ट्रासेने किल्ल्याकडे चढायचं. रमतगमत पाऊण तास धरावा. वाट दगडी आहे, जाड तळाचे बूट हवेत. याच रस्त्यावर त्याच्या वडिलांनी १४७५ मध्ये घर घेतलं. ते हंगेरीतून आलेले सोनार, त्यामुळे धातूवर कोरायची सवय मुलाला घरातच लागली. पुढे १४८६ ते १४८९ तो वोल्गेमुट या चित्रकाराकडे उमेदवारीला होता. त्याचा धर्मपिता कोबेर्गर हा शहरातला बडा मुद्रक. सोनारकाम, चित्रकला आणि छपाई अशी त्याच्याभोवती एकत्र आली होती.

किल्ल्याखालच्या वेशीपाशी त्याने १५०९ मध्ये घेतलेलं घर आहे, आता ते संग्रहालय आहे. खाली वालुकाश्म, वर लाकडी सांगाडा. भिंतीवरच्या त्याच्या चित्रांच्या प्रती भराभर पाहाव्यात आणि वेळ राखावा तो छपाईच्या खोलीसाठी. प्रात्यक्षिक कधी आहे ते तिकीट काढतानाच विचारावं. वर्षाचा बराच काळ सोमवारी घर बंद असतं.

लाकडी ठशात रेघ उंच राहते आणि भोवतालचं लाकूड काढून टाकतात. शाई उंचवट्यावर लागते, दाब बेताचा पुरतो. ड्यूरर फळीवर रेखाटायचा. कोरायला बहुधा व्यावसायिक कारागीर असत. तांब्याच्या पत्र्याचं उलटं. तिथे रेघ म्हणजे खाच. शाई खाचांत भरायची, वरचा पत्रा पुसून लख्ख करायचा, ओलसर कागद ठेवून रुळांमधून जोराने दाबायचा. हे कोरीवकाम तो स्वतः करी. लाकडाची बारीक कड दाबाखाली तुटते, मग नंतरच्या छाप्यांत रेघा मधेच खंडित दिसतात. तांब्याच्या उथळ खाचा पुसण्या-दाबण्याने झिजतात आणि सावल्या फिक्या पडतात. छापा सुरुवातीचा की उशिराचा, हे यावरून ताडता येतं. छापे विकायला पत्नी आग्नेस जत्रांना जात असे.

१५१५ चा त्याचा ‘गेंडा’ हा छापा लाकडी ठशातला, आणि त्याची वाट गोव्यावरून जाते. गुजरातचा सुलतान मुझफ्फर शाह याने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कला दिलेला हा प्राणी जानेवारीत गोव्याहून निघून २० मे रोजी लिस्बनला उतरला. ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. हाताशी फक्त एक रेखाटन आणि वर्णन होतं. म्हणून खांद्यावर जास्तीचं छोटं शिंग आलं, कातडी चिलखताच्या पत्र्यांसारखी झाली, आणि वरच्या मजकुरात साल पडलं १५१३. अस्सल छापे प्रकाशाने खराब होतात, ते कायम मांडून ठेवत नाहीत. तैलचित्रांसाठी गेर्मानिशेस नात्सिओनालम्युझिअम हे शहरातलं संग्रहालय गाठावं : त्याच्या आईचं चित्र आणि म्हाताऱ्या वोल्गेमुटचं १५१६ चं व्यक्तिचित्र तिथे आहेत.

६ एप्रिल १५२८ ला तो गेला. योहानिस दफनभूमी घरापासून पश्चिमेला चालत जाण्याजोगी आहे. सगळ्या कबरी आडव्या दगडांच्या आणि एकसारख्या, त्यामुळे ६४९ हा क्रमांक शोधावा. कांस्यपट्टीवरचा लॅटिन मजकूर त्याचा मित्र पिर्कहाइमर याचा, आणि खाली छाप्यांवर असते तीच ‘ए’च्या पोटातल्या ‘डी’ची खूण.