विन्थ्रॉपच्या डायरीतली एक ओळ

आज दिवसभर डोक्यात जॉन विन्थ्रॉप घोळतोय. १६३० मध्ये इंग्लंड सोडून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला गेलेल्या प्युरिटन, म्हणजे कडक धर्मनिष्ठ प्रोटेस्टंट, लोकांचा हा गव्हर्नर, आणि त्याच्या रोजनिशीत २ जुलैची नोंद आहे, माझा मुलगा हेन्री सेलमला (तिथलंच एक गाव) बुडाला. बस, एवढीच. पोरगा बाविशीचा, नुकताच जहाजातून उतरलेला, नदीपलीकडची होडी आणायला पोहत गेला आणि पेटके येऊन गेला. पण मागे इंग्लंडमध्ये राहिलेल्या बायकोला, मार्गारेटला लिहिलेल्या पत्रात हाच बाप माझा हेन्री, माझा हेन्री, बिचारं पोर असं लिहून जातो. मला ते पत्र फार लागतं.

त्या वर्षी साधारण हजार माणसं आली, त्यातली डिसेंबरपर्यंत दोनशे तरी गेली, ताप, स्कर्व्ही (ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने होणारा आजार), धड निवारा नाही. काही जण परतीच्या जहाजाने निघून गेले. आणि विन्थ्रॉप बायकोला कळवतो की इथे आपल्याला देव मिळतोय, अजून काय पाहिजे, आल्याचा पश्चात्ताप नाही. फेब्रुवारी १६३१ मध्ये लायन नावाचं जहाज धान्य आणि लिंबाचा रस घेऊन पोचलं तर त्यांनी ठरलेला उपासाचा दिवस बदलून आभाराचा केला. उपाशी राहून प्रार्थना करायची आणि जहाज आलं की ते देवानेच पाठवलं म्हणायचं, हे मला खोटं वाटत नाही, त्याशिवाय तो हिवाळा निघालाच नसता.

पण मग १६३८ येतं आणि माझं मन फिरतं. अ‍ॅन हचिन्सन, पाद्र्यांना प्रश्न विचारले म्हणून विन्थ्रॉपच्याच कोर्टाने हद्दपार केलेली बाई, तिचा गर्भ वाईट अवस्थेत पडला तर हाच माणूस लिहितो की ही देवाची शिक्षा. अरे, तुझं पोर बुडालं तेव्हा ती देवाची इच्छा होती ना, मग तिच्या दुःखात पाप कुठून शोधलंस? संकटात माणसाला उभी ठेवणारी श्रद्धा मला हवीच आहे, पण दुसऱ्याच्या संकटाचा अर्थ लावायला बसली की ती क्रूर होते, आणि त्यांच्याकडे ती झाली.

विन्थ्रॉपच्याच आर्बेला जहाजातून आलेली कवयित्री अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट मला म्हणून जास्त जवळची. १६६६ च्या जुलैत तिचं घर जळालं. देवाने दिलं, देवानेच नेलं असं ती कवितेत म्हणते खरी, पण त्याच कवितेत ती येताजाता त्या राखेकडे बघत राहते, इथे पेटी होती, इथे टेबल, आता इथे कुणी पाहुणा जेवायला बसणार नाही. पुढे तीन वर्षांनी महिन्याभराचा नातू गेला. तेव्हा ती लिहिते की का ते विचारत वाद घालायला नको, देव दयाळू आहे असंच म्हणूया. म्हणूया! हे ती स्वतःलाच समजावतेय असं मला वाटतं, आणि यात ती कुणाचंच पाप काढत नाही.